रशियात ‘हेल्पर’चं काम, एक वर्षाचा करार : पुतण्याला काय सांगू?

सीनाकाठ | २ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी, मला पुढच्या आठ-दहा दिवसांत उत्तर हवंय, म्हणून रात्रीच लिहायला बसलो.

माझ्या चुलत भावाचा मुलगा, वय २४. धाराशिव जिल्ह्यात सीनेच्या काठाला आमचं गाव. दहावीपासून पोराच्या डोक्यात एकच, मिलिटरी. पहाटे साडेचारला उठून डांबरीवर सोळाशेचा सराव, आल्यावर बीम, मग भिजवलेले हरभरे आणि गूळ. कोरोनात भरतीच्या रॅल्या बंद पडल्या. १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झालं आणि त्या एका वर्षापुरती वयाची अट २१ ची २३ केली, म्हणून याला एकदा ग्राउंडवर उतरायला मिळालं. सोळाशे मीटरला ५ मिनिटं ४९ सेकंद लागले. हद्द ५:४५ ची होती. चार सेकंदांनी गेलं, आणि पुढच्या वर्षी वयात बसत नव्हता.

तेव्हापासून पोलीस भरती करतोय. एकदा ग्राउंड निघालं, लेखीत मेरिटच्या खाली राहिला. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सीनेचं पाणी रानात शिरलं. सोयाबीन तर गेलंच, वरची मातीही खरडून गेली. नुसते दगड उघडे पडलेत. सोसायटीचं कर्ज उभं आहे.

दिवाळीत त्याच्या अकॅडमीतल्या मित्राने एक नंबर दिला. एजंट म्हणतो, रशियात सैन्याच्या ‘हेल्पर’चं काम आहे. लढायचं नाही, मागे राहून सामान उचलायचं, स्वयंपाकघरात मदत करायची. महिना पावणेदोन लाख. करार एक वर्षाचा, तो संपला की तिकीट काढून परत पाठवतात. इथून जाताना तीन लाख भरायचे. वहिनी दोन म्हशी विकायला निघाल्यात.

मी नको म्हणालो. त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते डोक्यातून जात नाही. “काका, मी दहा वर्षं सैन्यासाठीच पळालो. इथलं घेत नाही, तर जे घेतं तिथं जातो.”

मला त्याला दरडावायचं नाही. खरं काय ते पुढ्यात ठेवायचं आहे. माहीत असलेल्यांनी सविस्तर लिहा.

---

बालाघाट | २ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पाठवू नका. आधी हे वाचा आणि त्यालाही वाचायला द्या.

‘हेल्पर’ हा शब्द २०२४ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडच्या बातम्यांत आहे. गुजरात, तेलंगणा, पंजाब, केरळ, उत्तर प्रदेश, अशा कितीतरी ठिकाणची पोरं हेच ऐकून गेली. कुणी नोकरीच्या नावाने, कुणी फिरायच्या तर कुणी शिक्षणाच्या व्हिसावर. तिकडे उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतले, रशियन भाषेतल्या कागदावर सह्या घेतल्या, थोड्या दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि खंदकांच्या बाजूला धाडलं. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवून दिल्ली, मुंबई, चेन्नईसह अनेक शहरांत एजंटांच्या जागांवर छापे घातले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत पुतिन यांच्यापुढे हा विषय काढला.

परराष्ट्र मंत्रालयाने १७ जानेवारी २०२५ ला दिलेला हिशेब असा होता : १२६ भारतीय रशियन सैन्यात गेल्याचं माहीत, ९६ परत आले, १२ मेले, १८ तिथेच अडकलेले आणि त्यातल्या १६ जणांचा पत्ता रशियालाही लागत नव्हता. हा फक्त सरकारपर्यंत पोचलेला आकडा. आणि हे थांबलेलं नाही. याच वर्षी ११ सप्टेंबरला मंत्रालयाने पुन्हा जाहीर इशारा दिला की रशियन सैन्यातल्या कुठल्याही नोकरीच्या आमिषाला भुलू नका.

नेपाळची पोरंही अशीच गेली. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळने रशिया आणि युक्रेनसाठी कामाचे परवाने देणंच बंद केलं.

---

ज्वारीचं कणीस | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सीनाकाठ दादा, माझा मुलगा अग्निवीर आहे, दुसरं वर्ष चालू आहे. आम्ही बीडचे. ते चार सेकंद काय असतात ते मला माहीत आहे. मुलगा पहिल्या रॅलीत बाहेर पडला तेव्हा तीन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याची छाती मोजलेला टेप मी अजून जपून ठेवलाय.

म्हणून सांगते, “मूर्खा, मरशील” असं त्याला कुणी म्हणू नका. मरण्याची भीती त्यांना घालता येत नाही. दहा वर्षं त्यांनी त्याचीच तयारी केलेली असते. दुसरं काहीतरी सांगावं लागेल. काय, ते मलाही नीट सुचत नाही.

---

माजी सुभेदार | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मी उदगीरकडचा, मराठा लाईट इन्फंट्रीत २६ वर्षं काढली. ताईंनी बरोबर नस पकडली. अशा पोराला गोळीची भीती घालू नये.

मी त्याला एकच प्रश्न विचारीन : डिस्चार्जची तारीख कोणती?

सैनिकाच्या आयुष्यात दोन कागद मोठे असतात. भरती झाल्याचा आणि सुटल्याचा. बेळगावला सेंटरमध्ये उभा राहिलो त्याच दिवशी मला माहीत होतं की किती वर्षांची नोकरी आहे, रँक वाढली तर किती, पेन्शन कधी. अग्निवीराला चार वर्षं माहीत असतात. चार वर्षांनी १०० तले २५ पर्यंत कायम होतील, बाकीचे सेवानिधीचे ११ लाख ७१ हजारांच्या आसपास घेऊन घरी. ती योजना मला पटलेली नाही, चार वर्षांत शिपाई तयार होतो आणि तयार झाला की आपण त्याला सोडतो. पण तारीख आहे. आईला कॅलेंडरवर खूण करता येते.

लढाईतल्या देशात ही तारीख राहते का, ते कुणीतरी नीट सांगा. मला शंका आहे.

---

बालाघाट | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

सुभेदार साहेब, खरी मेख तुम्ही नेमकी दाखवलीत. काल मी आकडे लिहिले, ही गोष्ट लिहायला हवी होती.

पुतिन यांनी २१ सप्टेंबर २०२२ ला ‘अंशतः लामबंदी’चा हुकूम काढला. लामबंदी म्हणजे युद्धासाठी लोकांना सैन्यात बोलावणं. तीन लाख राखीव लोकांना बोलावलं. जगभर बातमी झाली ती तीन लाखांची, आणि जॉर्जिया-कझाकस्तानच्या हद्दीवर लागलेल्या गाड्यांच्या रांगांची. पण त्याच हुकमात आणखी एक कलम होतं. ज्यांनी सैन्याशी करार केलाय त्यांचे करार मुदत संपली तरी संपणार नाहीत, लामबंदीचा काळ संपेपर्यंत चालू राहतील. वय, तब्येत किंवा तुरुंगवास, एवढ्याच कारणांनी सुटका. आणि तो काळ संपल्याचा हुकूम आजतागायत निघालेला नाही.

म्हणजे कागदावर ‘एक वर्ष’ लिहिलेलं असतं, पण ते वर्ष संपत नाही. त्याच आठवड्यात कायदाही कडक केला, आपणहून शत्रूच्या हाती गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद, पळून गेल्याची शिक्षाही वाढवली. आपली जी ९६ पोरं आली ती करार संपला म्हणून आलेली नाहीत, दोन सरकारांची बोलणी झाली म्हणून आली.

दुसरी गोष्ट. पुन्हा तशी लामबंदी केली तर शहरांत असंतोष होईल म्हणून तिथलं सरकार पैशाने माणसं घेतंय. जुलै २०२४ मध्ये सही करणाऱ्याला मिळणारी केंद्राची एकरकमी रक्कम १ लाख ९५ हजार रूबलवरून ४ लाख केली. मॉस्को शहराने वर १९ लाख रूबल जाहीर केले. त्याआधी वॅग्नर या भाडोत्री सैनिकांच्या खासगी कंपनीने तुरुंगांतून माणसं नेली, सहा महिने लढा आणि शिक्षा माफ. बुर्यातिया, तुवा, दागेस्तान या गरीब भागांतून मरणारे जास्त आहेत. दागेस्तानच्या राजधानीत, मखाचकलामध्ये, सप्टेंबर २०२२ मध्ये लामबंदीविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या होत्या. त्या माणसांच्याही रानात काही उरलेलं नसणार.

---

खारकिव्ह ते लातूर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी युक्रेनमध्ये खारकिव्हला डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होतो. आता लातूरला इंटर्नशिप करतोय. ड्युटी संपवून लिहितोय.

२४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे स्फोटांनी जाग आली. त्याच दिवशी तिथे मार्शल लॉ आणि सर्वसाधारण लामबंदी लागू झाली आणि १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. आम्ही मेट्रो स्टेशनात पाच दिवस काढले, मग उभ्याने रेल्वेतून पश्चिमेला आणि तिथून पोलंडच्या हद्दीवर.

हद्दीवर आमच्या रांगेपुढे एक कुटुंब होतं. बाप, आई, चार-पाच वर्षांची मुलगी. बापाने मुलीच्या जाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने कागद लावला, त्यावर नाव आणि दोन फोन नंबर. चिकटपट्टी थंडीत चिकटेना. तो तोंडाजवळ धरून फुंकर मारायचा, पुन्हा दाबायचा. तीन-चार वेळा. मग मुलीची चेन गळ्यापर्यंत लावली आणि मागे फिरला. त्याला कुणी अडवलं नव्हतं की ढकललं नव्हतं. पुढे जाता येणार नाही हे त्याला माहीत होतं, एवढंच.

आमच्या होस्टेलचा इलेक्ट्रिशियन पहिल्याच आठवड्यात स्वतःहून सैन्यभरतीच्या रांगेत उभा राहिला होता. तेव्हा रांगा मोठ्या होत्या, कित्येकांना “नंतर या” म्हणून परत पाठवत. तो आजही सैन्यात आहे. साडेतीन वर्षं झाली. सुभेदार साहेबांनी विचारलेली तारीख त्याच्याकडेही नाही. एप्रिल २०२४ मध्ये तिथे लामबंदीचा नवा कायदा झाला, त्याच्या मसुद्यात ३६ महिन्यांनी सोडण्याची तरतूद होती, शेवटच्या टप्प्यात ती काढून टाकली. त्याच महिन्यात बोलावण्याचं किमान वय २७ चं २५ झालं. पुरुषांनी आपली माहिती ६० दिवसांत अद्ययावत करायची, त्यासाठी ‘रेझर्व्ह प्लस’ नावाचं अ‍ॅप निघालं.

माझा एक युक्रेनी वर्गमित्र सांगतो, सुरुवातीला रांगेत उभे राहणारे संपले तसे भरती केंद्रवाले रस्त्यावर आले. छोट्या बसमध्ये घालून नेतात, त्याला तिथे नावच पडलंय ‘बुसिफिकात्सिया’. भरती केंद्रांत पैसे घेऊन सूट देण्याचे प्रकार एवढे झाले की ऑगस्ट २०२३ मध्ये झेलेन्स्कींनी सगळ्या प्रांतांच्या भरती प्रमुखांना एकदम काढलं.

---

दुधना | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

म्हणजे दोन्हीकडे सारखंच. हे बसमध्ये कोंबून नेतात, ते फसवून नेतात. मग रशियालाच का बोलायचं?

---

खारकिव्ह ते लातूर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

सारखं नाही. मी त्या मेट्रो स्टेशनात होतो, बॉम्ब कुणाचे होते ते मला माहीत आहे. घरावर दरोडा पडला की घरातल्या माणसाला दारात उभं राहावंच लागतं. आवडीने राहतो असं नाही. आणि त्यात जबरदस्ती झाली की ती वाईटच, माझा मित्र त्यावर उघड बोलतो आणि तिथली वर्तमानपत्रंही लिहितात. पण दरोडेखोराने तिसऱ्याच गावातला गरीब पोरगा पैसे दाखवून आपल्या टोळीत घ्यावा, त्याला कुणाशी लढतोय हेही माहीत नसावं, हे वेगळं आहे. सीनाकाठ काकांचा पुतण्या ज्याच्यावर गोळी झाडेल तो कदाचित आमचा इलेक्ट्रिशियन असेल. त्याने मला हीटर दुरुस्त करून दिला होता, पैसे घेतले नव्हते.

---

माजी सुभेदार | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

डॉक्टर, शाबास. शिपायाला समोरचा का समोर आहे हे माहीत असावं लागतं.

---

अभ्यासिका | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करते. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा आमच्या खोलीवर घरून फोन आले होते, “आता घरटी एक पोरगा सक्तीने नेणार म्हणे.” काहीजणी रडायला लागल्या. म्हणून तेव्हा शोधून ठेवलेलं इथे लिहिते.

भारतात सक्तीची सैन्यभरती स्वातंत्र्यानंतर कधीच झालेली नाही. ६ मे २०२५ ला सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीच्या लोकांना बोलावण्याचा अधिकार दिला, ३२ पैकी १४ बटालियनसाठी. ही माणसं आधीच स्वखुशीने त्यात नाव घातलेली. अफवेचं मूळ बहुतेक तेच.

पण राज्यघटनेत दार अगदी बंद नाही. अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात लिहिलंय की सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, मात्र त्यात केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही. शेवटच्या त्या अटीवर मी फार वेळ थांबले होते. माझी आजी निजामाच्या राज्यात वाढलेली, ‘वेठ’ हा शब्द तिच्या तोंडी रोजचा होता. वेठ कुणाच्या दारात यायची आणि कुणाच्या दारात कधीच यायची नाही, ते ती वाड्यांची नावं घेऊन सांगायची.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी भारतातून १० लाखांवर माणसं समुद्रापार पाठवली. कागदोपत्री सगळे स्वेच्छेने. पण १९१७-१८ मध्ये पंजाबात गावागावाला आकडा ठरवून दिला होता आणि तो भरण्यासाठी जुलूम झाला. १९१९ चा असंतोष पेटायला तेही एक कारण होतं. तेव्हा ‘स्वेच्छा’ हा शब्द कागदावर दिसला तरी मागे काय आहे ते बघावं लागतं.

---

ज्वारीचं कणीस | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

बाई, तुझं हे वाचून मला सुचलं ते लिहिते. आमच्याकडे सक्ती करायला सरकार यावं लागत नाही. रान वाहून गेलं, कर्ज उभं आहे, वय निघून गेलं, घरात जेवताना ताट वाढणाऱ्याकडे पोराला बघवत नाही. त्या एजंटाला हे सगळं माहीत असतं. तो बरोबर पूर आल्यावर फोन करतो. सीनाकाठ दादा, वहिनींना सांगा म्हशी विकू नका. म्हशी गेल्या की मग पोराला “जाऊ नको” म्हणायची तोंडंच राहत नाहीत, पैसे भरलेत म्हणून घरचेच ढकलतात. आमच्या भावकीत दुबईच्या कामाला असंच झालं. ते लेकरू दोन वर्षं नुसतं तीन लाख फेडत होतं.

---

सीनाकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून पुतण्याला दिले. डिस्चार्जच्या तारखेचा प्रश्न सुभेदार साहेबांच्या नावाने विचारला. तो गप्प बसला. मग म्हणाला, “एजंटला विचारतो.”

एजंटाने कागद पाठवला. वर इंग्रजीत ऑफर लेटर, त्यात ‘सपोर्ट स्टाफ, एक वर्ष’. खाली दोन पानं रशियन. डॉक्टर, तुम्हाला निरोपातून फोटो पाठवलाय. वाचता येईल का?

---

खारकिव्ह ते लातूर | ५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

वाचला. खारकिव्हला वॉर्डात पेशंट रशियन बोलायचे, केसपेपर वाचून वाचून डोळ्यांना सवय आहे. तरी दोनदा तपासला.

पहिल्या रशियन पानाचं शीर्षक : ‘कन्त्राक्त अ प्राखझ्देनिई वयेन्नोय स्लूझ्बी’. म्हणजे ‘सैनिकी सेवा बजावण्याचा करार’. साध्या नोकरीचा कागद असता तर ‘त्रुदवोय दगवोर’ असं लिहिलेलं असतं, कामाचा करार. हे दोन शब्द त्याला पाठ करायला सांगा.

करार कुणाशी, तर रशियाच्या संरक्षण मंत्रालयाशी. हेल्पर, स्वयंपाकघर, गोदाम, यातला एकही शब्द दोन्ही पानांत नाही. हुद्द्याची जागा कोरी आहे. मुदत एक वर्ष लिहिली आहे. परतीच्या तिकिटाचा उल्लेख नाही. इंग्रजी पत्रावर एजंटची सही आहे, रशियन पानांवर फक्त तुमच्या पुतण्याच्या सहीची जागा.

---

बालाघाट | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:००

एजंटची नोंदणीही तपासा. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो आणि तो क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर कुणालाही शोधता येतो. परवाना असलेला एजंटसुद्धा सेवाशुल्क म्हणून ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तीन लाख मागितले तिथेच सगळं उघड झालं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि तो कागद पुसू नका, तक्रारीला लागेल.

---

माजी सुभेदार | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

सीनाकाठ, पोराला माझ्याकडे उदगीरला पाठवा. राहायची-खायची सोय माझ्या घरी. माझ्याकडे आठ पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, फी घेत नाही. राज्यात यंदा १५ हजारांच्या आसपास पोलीस पदांना मंजुरी मिळालीय. २४ म्हणजे वय आहे अजून. ग्राउंड त्याचं निघालेलंच आहे, लेखी आपण करून घेऊ. गणितासाठी शेजारचे एक निवृत्त गुरुजी येतात.

---

सीनाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांसाठी.

‘ई-मायग्रेट’वर एजंटचं नाव सापडलं नाही. पुतण्याने त्याला फोन करून परवान्याचा क्रमांक विचारला, तेव्हा त्याने फोन कट केला, मग नंबर ब्लॉक केला. अकॅडमीतला तो मित्र मात्र अजून जायच्या तयारीत आहे, त्याचे दीड लाख भरून झालेत. पुतण्या काल त्याच्या घरी डॉक्टरांचा प्रतिसाद घेऊन गेला होता. मित्राचे वडील म्हणाले, भरलेले पैसे कोण देणार? उद्या त्या दोघांना घेऊन मी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जातोय. कागद आणि चॅटची प्रत काढली आहे.

म्हशी दावणीला आहेत. वहिनींनी पासपोर्ट कणगीत ज्वारीखाली घातला होता, आज पुतण्याने स्वतः काढून माझ्याकडे आणून दिला, अजून पीठासारखी धूळ आहे त्यावर.

सुभेदार साहेब, तो गुरुवारी सकाळच्या एसटीने निघतोय. बूट फाटलेत, बार्शीत नवे घेऊन देतो. त्याने विचारलंय की तुमच्याकडे सोळाशे किती वाजता असतं.

---

माजी सुभेदार | ९ नोव्हेंबर, रात्री ८:३२

पावणेपाचला. थंडी आहे, कानटोपी आणायला सांगा. आणि त्या मित्रालाही घेऊन या म्हणावं, जागा आहे.